कार्डिनल वुल्झीचा कागद वाचताना

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मुख्य मंत्री टॉमस वुल्झी याचं नाव निघालं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. परदेशी पाठवायच्या पत्रांत हा कार्डिनल लॅटिनमध्ये ‘एगो एत रेक्स मेउस’, म्हणजे ‘मी आणि माझा राजा’ असं लिहायचा. आठव्या हेन्रीच्या आधी स्वतःला बसवण्याइतका त्याला माज चढला होता. आता मूळ कागद काढून बघा. वुल्झी सत्तेवरून पडल्यावर १ डिसेंबर १५२९ या तारखेची ४४ कलमांची फिर्याद तयार झाली. तिच्यावर टॉमस मोरसकट बड्या सरदारांच्या सह्या आहेत, आणि वुल्झीला सांभाळून घेण्याचं त्यांतल्या कुणालाच कारण नव्हतं. त्या फिर्यादीतला आरोप आहे ‘राजा आणि मी’ असं लिहिल्याचा. राजा पहिलाच आहे. तक्रार एवढीच की चाकर धन्याशी बरोबरी करतो. ‘मी आणि माझा राजा’ हे रूप येतं ते एडवर्ड हॉलच्या बखरीत, आणि ती छापली गेली १५४८ मध्ये. शिवाय लॅटिनमध्ये ‘मी’ आधी लिहिणं हीच व्याकरणाची रीत. म्हणजे तसं खरोखर लिहिलं असतं, तरी त्यात उर्मटपणा शोधण्यात अर्थ नव्हता.

बखर आणि असल कागद यांतला फरक मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. वुल्झीच्या बाबतीत तो जास्त सांभाळावा लागतो, कारण त्याच्यावर आधी लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा त्याच्यावर दात होता. इतिहासकार पॉलिडोर व्हर्जिलला तर १५१५ मध्ये वुल्झीच्याच काळात तुरुंगाची हवा खावी लागली होती. म्हणून वाचनाचा क्रम आधीच ठरवून घ्या: पहिल्यांदा तारीखवार पत्रं, मग परदेशी वकिलांचे, म्हणजे राजदूतांचे, अहवाल, आणि चरित्रं-बखरी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि मग पत्रांत बखरीतलाच माणूस शोधत बसतात.

सूचीतली नोंद कशी फोडायची

सुरुवात मूळ कागदापासून करायची गरज नाही. आठव्या हेन्रीच्या काळातल्या कागदांची ‘लेटर्स अँड पेपर्स’ नावाची सूची १८६२ ते १९१० या काळात २१ खंडांत छापली गेली. ब्रूअरने ती सुरू केली, गेर्डनर आणि ब्रोडी यांनी पुरी केली. ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’वर ती घरबसल्या वाचता येते. वुल्झीसाठी पहिले चार खंड पुरतात: पहिला १५०९ ते १५१४, दुसरा १५१५ ते १५१८, तिसरा १५१९ ते १५२३ आणि चौथा १५२४ ते १५३०. खंडांचे पुन्हा भाग आहेत.

ही सूची म्हणजे पत्रांची नक्कल नव्हे, हे पहिल्या दिवशीच डोक्यात पक्कं बसवा. तीन पानांच्या पत्राचा ब्रूअरने आठ ओळींत सारांश केलेला असतो, तोही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत. अवतरणचिन्हांत असेल तेवढंच मूळ पत्रातलं. बाकी शब्द संपादकाचे. ‘वुल्झी संतापला’ असं सूचीत दिसलं तर तो संताप वुल्झीचा की ब्रूअरचा, हे मूळ पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

नोंदीच्या कडेला आणि शेवटी बारीक अक्षरांत खुणा असतात. घाईत त्या सुटतात, पण निम्मी माहिती तिथेच असते. ‘आर. ओ.’ म्हणजे तेव्हाचं रेकॉर्ड ऑफिस. ते कागद आता लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये, बहुतांशी ‘एसपी १’ या मालिकेत आहेत. ‘बी. एम.’ म्हणजे ब्रिटिश म्युझियम; ते संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘हॉल.’ म्हणजे पत्र पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या हातचं. ‘साइन्ड’ म्हणजे मजकूर कारकुनाचा, सही धन्याची. ‘अ‍ॅड.’ म्हणजे पाठीवर पत्ता आहे. ‘एंड.’ म्हणजे दप्तरात लावताना कुणीतरी पाठीवर शेरा मारला आहे. ‘ड्राफ्ट’ दिसलं की थांबायचं: तो मसुदा आहे, आणि तो रवाना झालाच असं धरता येत नाही. ‘पीपी. ३, म्युटिलेटेड’ म्हणजे तीन पानं, तीही फाटकी-तुटकी.

या फाटकेपणामागे एक आग आहे. सर रॉबर्ट कॉटनचा हस्तलिखितांचा संग्रह २३ ऑक्टोबर १७३१ रोजी लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसमध्ये होरपळला. त्याच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते, म्हणून हस्तलिखितांना सम्राटांचीच नावं पडली: रोमच्या पत्रव्यवहाराची बरीच पानं ‘व्हिटेलियस’मध्ये, फ्लँडर्सची ‘गाल्बा’त, फ्रान्स आणि स्कॉटलंडची ‘कॅलिग्युला’त, स्पेनची ‘व्हेस्पॅशियन’मध्ये. आगीने कडा खाल्ल्या, त्यामुळे ओळींची टोकं गेली. सूचीत तिथे टिंबं दिसतात आणि चौकटी कंसांत संपादकाने सुचवलेला शब्द. कसरीने खाल्लेलं दप्तर वाचताना आपण जसं करतो तसंच इथे करायचं: कंसातल्या शब्दावर अनुमान उभारायचं नाही. पोपशी झालेल्या व्यवहारांत ‘नाही’सारखा एक शब्द जळाला तर सगळा अर्थच फिरतो.

संदर्भ टिपताना पान क्रमांक नको, नोंद क्रमांक लिहा. पहिल्या खंडाची १९२० साली दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यात नोंदींचे क्रमांक बदलले. जुन्या पुस्तकातून १५१३ च्या मोहिमेचा क्रमांक उचलून नव्या आवृत्तीत शोधलात तर भलताच कागद समोर येईल. आवृत्ती लिहा, मग क्रमांक लिहा.

तारीख

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश चला.

अधिकृत कागदांवर राज्यवर्ष असतं. हेन्री गादीवर आला २२ एप्रिल १५०९ रोजी, आणि दर २२ एप्रिलला त्याचं नवं वर्ष लागतं. आपल्याकडे राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो, तसाच प्रकार. हिशोब सोपा आहे. तारीख २२ एप्रिल ते ३१ डिसेंबर यांमधली असेल तर राज्यवर्षात १५०८ मिळवा. १ जानेवारी ते २१ एप्रिल यांमधली असेल तर १५०९ मिळवा. ‘१६ वं वर्ष, २४ फेब्रुवारी’ म्हणजे १५०९ अधिक १६, म्हणजे १५२५. याच दिवशी पाव्हियाची लढाई झाली आणि फ्रान्सचा राजा सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती लागला. सरसकट १५०८ मिळवणारा इथे एका वर्षाने चुकतो आणि लढाईची बातमी लढाईच्या आधी पोहोचवतो.

दुसरी भानगड अशी की इंग्लंडमध्ये सनाचा आकडा १ जानेवारीला नाही, २५ मार्चला बदलायचा. वुल्झीवर राजाच्या न्यायालयात आरोपपत्र दाखल झालं ९ ऑक्टोबर १५२९ रोजी. राजाने त्याला माफी दिली १२ फेब्रुवारीला. तेव्हाच्या इंग्रजी मोजणीने ते साल १५२९, आपल्या मोजणीने १५३०. जुन्या पुस्तकातून दोन्ही तारखा जशाच्या तशा उचलल्यात तर आधी माफी आणि आठ महिन्यांनी गुन्हा असा देखावा तयार होतो. राज्यवर्ष दोन्हीकडे २१ वंच आहे, आणि गाठ सुटते ती त्याच्यावरूनच. स्वतःच्या टिपणात १ जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक तारीख ‘१५२९/३०’ अशी दुहेरी लिहा, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही.

परदेशी कागद असेल तर नियम पुन्हा वेगळा. फ्रान्समध्ये वर्ष ईस्टरला बदलायचं, व्हेनिसमध्ये १ मार्चला, फ्लॉरेन्समध्ये २५ मार्चला. व्हेनिसच्या वकिलाने मार्चच्या मध्यावर लिहिलेलं पत्र आणि इंग्रज कारकुनाने त्याच दिवसांत लिहिलेलं पत्र शेजारी ठेवलंत, तर आकडे एकमेकांशी भांडत असल्यासारखे वाटतात.

वार तपासण्याची युक्ती फार उपयोगाची आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. मोबाइलवरची किंवा संगणकावरची साधनं बहुधा आजचं ग्रेगरियन पंचांगच मागे नेतात. ते पंचांग सुरू झालं १५८२ मध्ये. सोळाव्या शतकाच्या या भागात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर आहे. त्यामुळे ४ नोव्हेंबर १५३० ला असं साधन मंगळवार दाखवतं. प्रत्यक्षात त्या दिवशी इंग्लंडात शुक्रवार होता. हातानेच मोजायचं असेल तर त्या वर्षीचा ईस्टर धरा: १७ एप्रिल १५३०, रविवार. तिथून ४ नोव्हेंबर २०१ दिवस पुढे, साताने भागून बाकी ५ उरते, म्हणून शुक्रवार.

आणि खासगी पत्रांवर तर बहुधा सालच नसतं. दिवस, महिना, फार तर गावाचं नाव. सूचीत ते पत्र १५२३ खाली असेल तर ते साल संपादकाने ठरवलेलं असतं, आणि ब्रूअरसुद्धा अधूनमधून चुकलेला आहे. तिथे कामाला येतात पदं.

पदांवरून साल

वुल्झी इप्सविचच्या खाटकाचा मुलगा, ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकलेला. तो इतक्या भराभर वर चढला की नुसत्या पदव्यांवरून कागदाचं साल काढता येतं. नोव्हेंबर १५०९ पासून तो राजाचा दानाध्यक्ष, म्हणून पत्रांत ‘मास्टर आमनर’. १५१४ च्या सुरुवातीला लिंकनचा बिशप, त्याच वर्षी सप्टेंबरात यॉर्कचा आर्चबिशप. म्हणजे ‘लिंकनचे लॉर्ड’ असं त्याला म्हटलेलं पत्र जेमतेम सहा-सात महिन्यांच्या खिडकीत बसतं. कार्डिनल झाला १० सप्टेंबर १५१५ रोजी. टोपी नोव्हेंबरात इंग्लंडला पोहोचली आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत सोहळा झाला. लॉर्ड चान्सेलर झाला २४ डिसेंबर १५१५ ला, वॉरॅमच्या जागी. १५१८ मध्ये पोपचा लेगेट, म्हणजे मुखत्यार प्रतिनिधी, आणि १५२४ मध्ये तेच पद तहहयात. पत्ता नुसता ‘कार्डिनल’ला असेल तर १५१५ नंतरचा, ‘लेगेट’ही असेल तर १५१८ नंतरचा.

सहीही बदलत जाते. आधी ‘टॉमस वुल्सी’, मग पदानुसार, आणि कार्डिनल झाल्यावर कायम ‘टी. कार्लिस एबोर.’, म्हणजे यॉर्कचा कार्डिनल टॉमस, यॉर्कचं लॅटिन नाव एबोराकुम. आडनावाचं स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं. डिजिटल शोधात एकच रूप टाकून ‘काही सापडत नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा एवढीच असते. चार-पाच रूपं टाकून पाहा. १५२९ नंतरच्या केविलवाण्या पत्रांत सहीपुढे आणखी एक शब्द लागतो: ‘मिझेरिमुस’, अत्यंत हतभागी. तो शब्द दिसला की साल शोधायची गरजच नाही.

उलट बाजूची पदं मात्र फसवतात. यॉर्क सोडल्याशिवाय वुल्झीने एकापाठोपाठ एक दुसरी बिशपपदंही घेतली: बाथ अँड वेल्स १५१८ ते १५२३, मग डरॅम १५२९ पर्यंत, मग विंचेस्टर. आता ‘विंचेस्टरचे लॉर्ड’ म्हणजे कोण? ऑक्टोबर १५२८ पर्यंत रिचर्ड फॉक्स, १५२९-३० मध्ये खुद्द वुल्झी, १५३१ पासून स्टीव्हन गार्डिनर, जो आधी वुल्झीचाच चिटणीस होता. ‘नॉरफकचा ड्यूक’ मे १५२४ च्या आधीचा असेल तर फ्लॉडनची लढाई जिंकणारा बाप, त्यानंतर मुलगा. दोघांचं नाव टॉमसच. हेन्रीच्या दरबारात टॉमसांचं पीक आलं होतं: वुल्झी, मोर, क्रॉमवेल, क्रॅन्मर, बुलिन आणि हे दोन हॉवर्ड. टिपणात नुसतं ‘टॉमस’ कधी लिहू नका. १५२९ मधला ‘कार्डिनल’सुद्धा दोघांपैकी कुणीही असू शकतो, कारण हेन्रीच्या घटस्फोटाचा खटला ऐकायला दुसरा कार्डिनल, कांपेज्जो, रोमहून आलेला होता.

एक पत्र सोडवून पाहू

हेन्रीच्या स्वतःच्या हातचं वुल्झीला लिहिलेलं एक छोटं पत्र आहे. साल नाही. राजा म्हणतो की लिहिणं मला कंटाळवाणं आणि त्रासाचं वाटतं, म्हणून बरंचसं काम पत्र आणणाऱ्यावर सोपवलं आहे, तो तोंडी सांगेल. पण एक गोष्ट फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक असावी: सफक, बकिंगहॅम, नॉर्दंबरलंड, डार्बी, विल्टशर आणि तुम्हाला संशयास्पद वाटतील अशा इतरांवर नजर ठेवा.

आधी संबोधन: तो ‘कार्डिनल’ म्हणतो, म्हणजे सप्टेंबर १५१५ नंतरचं. मग नावं घ्या. बकिंगहॅमच्या ड्यूकला एप्रिल १५२१ मध्ये पकडून १७ मे रोजी शिरच्छेद झाला. पकडलेल्या माणसावर नजर ठेवायला कुणी सांगत नाही, तेव्हा वरची मर्यादा एप्रिल १५२१. विल्टशर हे नाव वाचून अ‍ॅन बुलिनचा बाप डोळ्यांसमोर येतो आणि वाचक थेट १५३० कडे धावतो. पण बुलिन विल्टशरचा अर्ल झाला डिसेंबर १५२९ मध्ये. हा विल्टशर म्हणजे बकिंगहॅमचा भाऊ हेन्री स्टॅफर्ड, १५२३ मध्ये वारलेला. नॉर्दंबरलंड म्हणजे पाचवा अर्ल. १५३० मध्ये वुल्झीला अटक करायला गेला तो त्याचा मुलगा, सहावा. सफकवरून मर्यादा आणखी आवळत नाही, कारण तो १५१४ पासूनच ड्यूक होता.

हाती काय लागलं? १५१५ चा उत्तरार्ध ते एप्रिल १५२१. अभ्यासक ते पत्र १५१९ ते १५२१ च्या दरम्यान ठेवतात, पण ती निवड बाहेरच्या घडामोडींवरून केलेली आहे. तुमच्या टिपणात दोन्ही वेगळं लिहा: कागदावरून सिद्ध होतं ते एका ओळीत, अंदाज दुसऱ्या ओळीत.

‘तोंडी सांगेल’ या वाक्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. मराठी पत्रांतल्या ‘मुखवचने कळेल’सारखंच ते आहे. मुख्य मजकूर पत्रात नाहीच. वुल्झी आणि हेन्री यांच्यातला पत्रव्यवहार बहुतेक असाच आडून चालायचा: वुल्झी लिहायचा राजाजवळच्या चिटणीसाला, आधी रिचर्ड पेस आणि मग टॉमस मोर, तो ते राजाला वाचून दाखवायचा आणि राजा बोलला ते परत लिहून कळवायचा. त्यामुळे ‘राजा म्हणाला’ असं वाचताना मधला माणूस कोण, हे प्रत्येक वेळी टिपा. राजाच्या नावाने जाणाऱ्या पत्रांचे मसुदे वुल्झीकडूनच तयार होऊन सहीला जायचे, हेही ध्यानात असू द्या.

पैशांचे आकडे

बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग, वीस शिलिंग म्हणजे एक पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. आणे-पैचा हिशोब केलेल्यांना यात नवल नाही. पण ‘मार्क’ हे नाणं नव्हतंच, नुसतं हिशोबाचं माप होतं: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. ३०० मार्क ३०० पौंड समजून वाचलेत की रक्कम दीडपट फुगते.

कर ‘पौंडामागे इतके शिलिंग’ असा सांगितलेला असतो. तो अपूर्णांकात बदलून घ्या. १५२३ च्या पार्लमेंटात वुल्झीने ८,००,००० पौंड मागितले, पौंडामागे ४ शिलिंग: ४८ भागिले २४०, म्हणजे पाचवा हिस्सा. मिळालं बरंच कमी. १५२५ मध्ये पार्लमेंटला बाजूला ठेवून जी ‘प्रेमाची देणगी’ मागितली, तिच्यात ५० पौंड आणि वरच्या असामीला पौंडामागे ३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे सहावा हिस्सा; पाद्र्यांकडून तिसरा. लॅव्हनमच्या आसपास लोक उठले आणि मागणी गुंडाळावी लागली. अपूर्णांक काढून बघितला की लोक का उठले हे सांगावं लागत नाही.

मूळ हिशोबात रोमन आकडे असतात आणि शेवटच्या ‘आय’ला ‘जे’चं शेपूट लावलेलं असतं, मागून कुणी आकडा वाढवू नये म्हणून. चारच्या डोक्यावर बारीक दोन ‘एक्स’ असतील तर ते चार वीस, म्हणजे ऐंशी. ते वरचे ‘एक्स’ डाग समजून सोडले तर ८० पौंडांचे ४ होतात. शेवटी ‘एल-आय’ असेल तर पौंड, ‘डी’ असेल तर पेन्स. मालाच्या यादीत ‘शंभर’ कधीकधी १२० चं असतं.

आजच्या रुपयांत किंमत काढायच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा मजुरीशी तुलना करा. १५१५ च्या कायद्यात साध्या मजुराचा रोज उन्हाळ्यात ४ पेन्स, हिवाळ्यात ३. कारागिराचा ६ आणि ५. मरणाच्या दारात असलेल्या वुल्झीकडे राजाच्या माणसाने १,५०० पौंडांचा हिशोब मागितला, असं त्याच्या चरित्रात आहे. ४ पेन्स रोजाने ती ९०,००० दिवसांची मजुरी.

आणि एखादं नाणं चित्रात तरी नीट बघा. वुल्झीने यॉर्कच्या टांकसाळीत ग्रोट, म्हणजे चार पेन्सचं चांदीचं नाणं पाडलं. ढालीच्या दोन बाजूंना ‘टी’ आणि ‘डब्ल्यू’, खाली कार्डिनलची टोपी. आर्चबिशपला पेनी आणि अर्धा ग्रोट पाडायचा हक्क होता, पूर्ण ग्रोटचा नव्हता. १५२९ च्या फिर्यादीत ही टोपीही आली. हा आरोप मात्र तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळू शकता, कारण ती नाणी शिल्लक आहेत.

अक्षर

मूळ कागदाचं छायाचित्र मिळालं तर घाबरू नका. ‘सेक्रेटरी’ वळण पंधरा दिवसांत डोळ्यांत बसतं. मोडी शिकलेल्यांना तर लवकरच. ‘ई’ उलटा लिहितात, शब्दामधला ‘एस’ लांब असतो आणि ‘एफ’सारखा दिसतो, ‘एच’चा पाय ओळीखाली उतरतो, ‘सी’ आणि ‘आर’ यांची गल्लत होते. ‘एम’, ‘एन’, ‘यू’, ‘आय’ हे सगळे नुसते उभे फराटे. शब्द अडला तर फराटे मोजा. अक्षरावर आडवी रेघ म्हणजे ‘एम’ किंवा ‘एन’ गाळला आहे. ‘पी’चा पाय कापलेला असेल तर ‘पर’ किंवा ‘पार’. ‘वाय-ई’ दिसलं की ‘द’ वाचा. क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जचे १५०० ते १८०० च्या हस्ताक्षरांचे धडे संकेतस्थळावर आहेत, तिथे रोज अर्धा तास बसा. नक्कल करताना स्पेलिंग जसंच्या तसं ठेवा, गाळलेली अक्षरं कंसात भरा, आणि न लागलेला शब्द रिकामा सोडा. अंदाजाने भरलेला शब्द महिन्याभरात तुम्हालाच मूळचा वाटू लागतो.

वकील आणि चरित्रकार

व्हेनिसचा वकील सेबास्तियन ज्युस्तिनियान १५१५ ते १५१९ या काळात इंग्लंडात होता. परत गेल्यावर त्याने सांगितलं की सुरुवातीला वुल्झी म्हणायचा, ‘महाराज असं करतील’. मग ‘आम्ही असं करू’. आणि शेवटी ‘मी असं करीन’. अशा माणसाची साक्ष वजनदार आहे, पण तो बोलतोय त्याच्या सिनेटपुढे, आणि लंडनमध्ये त्याला कुणाकडून काय हवं होतं ते आधी बघा. शाप्वी हा सम्राटाचा वकील पोहोचला १५२९ मध्ये. वुल्झीच्या भरभराटीच्या वर्षांबद्दल तो बोलला तर ते ऐकीव.

जॉर्ज कॅव्हेंडिश हा वुल्झीच्या घरचा मानकरी, जवळपास १५२२ पासून शेवटपर्यंत सोबत असलेला. गर्दीत जाताना धनी आतला गर काढलेलं संत्रं नाकाशी धरायचा, आत व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज असायचा, अशी माहिती दुसरं कोण देणार? पण त्याने चरित्र लिहिलं १५५४ ते १५५८ मध्ये, म्हणजे धनी जाऊन पाव शतक लोटल्यावर. म्हणून कॅव्हेंडिशच्या प्रत्येक गोष्टीला तीन खुणांपैकी एक लावा: स्वतः पाहिलेलं, वुल्झीकडून ऐकलेलं, इतरांकडून ऐकलेलं. १५२२ च्या आधीचं सगळं दुसऱ्या-तिसऱ्या खुणेत जातं.

जन्मसालावर हे करून बघा, कारण जन्माची नोंदच नाही. १० मार्च १४९८ रोजी तो मार्लबरोला पाद्री झाला. त्याला वय २४ लागायचं, म्हणजे खास सवलत नसेल तर जन्म मार्च १४७४ च्या आधीचा. हा कागद त्या दिवसाचा, सगळ्यांत भक्कम. ज्युस्तिनियान १५१९ मध्ये ‘सुमारे ४६’ म्हणतो, म्हणजे १४७३. पण तो नजरेचा अंदाज. कॅव्हेंडिश सांगतो की १४ एप्रिल १५३० च्या पवित्र गुरुवारी पीटरबरोला वुल्झीने ५९ गरिबांचे पाय धुतले. रीत वयाइतक्या माणसांची. पूर्ण वर्षं धरली तर जन्म १४७०-७१, चालू वर्ष धरलं तर १४७१-७२. टिपणात ‘सुमारे १४७१ ते १४७३’ लिहा आणि तिन्ही कारणं खाली जोडा. एकच साल छातीठोकपणे छापणारं पुस्तक दिसलं तर त्याने कोणता कागद सोडला ते शोधा.

शेवटचे दिवसही असेच तपासता येतात. कॅव्हेंडिशच्या म्हणण्याप्रमाणे कॉवुडला अटक झाली शुक्रवारी, ४ नोव्हेंबर १५३०. लेस्टरच्या मठात पोहोचले शनिवारी रात्री. मृत्यू सेंट अँड्र्यूच्या आदल्या दिवशी. सेंट अँड्र्यूचा सण ३० नोव्हेंबर, म्हणजे मृत्यू २९ ला. ४ शुक्रवार तर २६ शनिवार आणि २९ मंगळवार. पाव शतकानंतरही त्याचे वार चोख जुळतात. धन्याने आदल्या दिवशीच आठची वेळ सांगून ठेवली होती आणि सकाळी आठचे ठोके पडतानाच प्राण गेला, हेही तोच सांगतो. ‘राजाची केली तेवढी देवाची चाकरी केली असती तर त्याने या म्हातारपणी मला सोडलं नसतं’ हे प्रसिद्ध वाक्यही त्याच्याचकडचं. टिपणात तारीख आणि वार खात्रीचे म्हणून लिहा. ठोके आणि ते वाक्य, दोन्हींपुढे ‘कॅव्हेंडिशनुसार’ एवढं जोडा.